सिंथ दुरुस्तीला पाठवण्याआधी यूएसबीची वायर काढा

तुमची पोस्ट वाचली आणि २०१८ चा अख्खा पावसाळा डोळ्यांसमोर आला. तुम्ही लिहिलंय: सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारं वाद्य) यूएसबीने लॅपटॉपला जोडला की स्पीकरमधून बारीक किरकिर येते, माउस हलवला की तिचा सूर बदलतो, यूएसबी काढली की सगळं शांत होतं. त्यात रेकॉर्ड केलेले सूर क्लिकच्या (तालाच्या टिकटिकीच्या) किंचित मागे पडतात आणि कॉर्डमधले सूर मध्येच गळतात. आणि दुकानदार म्हणतोय, सर्व्हिस सेंटरला पाठवा. वाक्यावाक्याला माझीच गोष्ट.

पाठवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी बॉक्स पॅक करू नका.

ड्रायव्हर, बफर, मिडी (कोणता सूर वाजवायचा हे संगणक आणि वाद्य एकमेकांना ज्या भाषेत सांगतात ती) यांची नेहमीची सेटिंग तुम्ही पाहिली असणार, तिथून सुरुवात करत नाही. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही आणि वायरमनही नाही. मिरजेत घरच्या खोलीत भावगीतांची संगीत संयोजनं, एकांकिकांचं पार्श्वसंगीत आणि गणपतीच्या देखाव्यांचे ट्रॅक करतो. जे अंगावर आलं तेवढंच सांगतोय.

तेव्हा मी चार आवाजांचा (एका वेळी चारच सूर वाजवणारा) एक अ‍ॅनालॉग सिंथ घेतला होता. पहिल्याच आठवड्यात ही किरकिर. मी ठरवूनच टाकलं की वाद्य सदोष आहे. मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) कुरिअरने पाठवला. पत्रात दीड पान लिहिलं होतं: लॅपटॉप जोडल्यावरच आवाज येतो, एरवी येत नाही. जॉबकार्डवर त्यातलं काय उतरलं? ‘नॉइज प्रॉब्लेम’. दोनच शब्द. तीन आठवड्यांनी फोन आला की मेन बोर्ड बदलावा लागेल. मी विचारलं, लॅपटॉप जोडून ऐकलंत का? उत्तर मिळालं, ‘आम्ही हेडफोनवर चेक करतो.’ तिथेच मला कळायला हवं होतं. पण गणपती तोंडावर आले होते, एका मंडळाच्या सजीव देखाव्याचं काम हातात होतं, मी हो म्हणालो. सिंथ अकरा आठवड्यांनी परत आला. बिल १४,८०० रुपये, फिल्टरच्या नॉबचा दांडा वाकलेला, आणि तोवर विसर्जनही होऊन गेलं होतं. देखाव्याचं काम मंडळाने दुसऱ्याला दिलं. त्यांचा दोष नाही, पण ते मंडळ पुढे पुन्हा माझ्याकडे आलं नाही.

घरी आणून यूएसबी जोडली. तीच किरकिर.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या अकरा आठवड्यांत एकाही माणसाने तक्रार जशी सांगितली तशी उभी करून पाहिली नाही. दोन मिनिटांचं काम होतं. ज्या टेबलावर लॅपटॉपच नाही तिथे लॅपटॉपमुळे येणारा आवाज येणार कसा? आणि माझी चूक त्याहून मोठी. यूएसबी काढल्यावर आवाज थांबतो हे मी स्वतः लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. यूएसबी काढल्यावर सिंथ शांत असेल तर तो बहुतेक निर्दोषच असतो. वाद्य तेच, ऑडिओ केबल तीच, स्पीकर तोच; गेली ती फक्त लॅपटॉपकडची वाट.

शेवटी ओळखीच्या एका साउंडवाल्याने सोडवलं. तो आला, यूएसबी उपटली, पिशवीतून पाच पिनांची जुनी मिडी केबल काढली आणि ऑडिओ इंटरफेसच्या (सिंथचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डब्याच्या) मिडी आउटमधून सिंथच्या मिडी इनमध्ये लावली. स्पीकर पूर्ण शांत, आणि सॉफ्टवेअरमधून सूर वाजतायत. ती केबल नंतर मी साडेचारशे रुपयांना घेतली.

होतं काय, तर लॅपटॉपकडून यूएसबीची ग्राउंड वायर सिंथमध्ये जाते. सिंथच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून) ती इंटरफेसला भेटते आणि इंटरफेसच्या यूएसबीतून पुन्हा लॅपटॉपला. म्हणजे वर्तुळ पूर्ण. प्रोसेसर, स्क्रीन, चार्जर यांचा सगळा कचरा त्या वर्तुळात फिरतो, आणि ऑडिओ केबलची जाळी हाच तुमच्या सिग्नलचा ‘शून्य’ असल्यामुळे तो थेट ऐकू येतो. माउस हलवला की लॅपटॉपचं काम बदलतं, म्हणून सूर बदलतो. पाच पिनांच्या मिडीत हे होत नाही, कारण १९८३ साली ते आलं तेव्हापासूनच घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर ठेवायची पद्धत आहे. आत एक बारीकसा दिवा लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर तो पाहतो. संदेश प्रकाशातून जातो, वीज ओलांडत नाही.

‘जुनं मिडी स्लो असतं’ असं कोणी सांगेल. वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे, म्हणजे एक सूर पोचायला साधारण एक मिलिसेकंद. चार सुरांच्या कॉर्डला चार. तबलजीच्या दोन बोटांत याहून जास्त अंतर पडतं. यूएसबी मी आता फक्त फर्मवेअर (सिंथच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि पॅच (साठवलेले आवाज) कॉपी करण्यापुरती लावतो.

तुमच्या इंटरफेसला मिडीचे पोर्ट नसतील तर यूएसबी-मिडी कन्व्हर्टर मिळतो, पण अगदी स्वस्तातला घेऊ नका. काहींत ऑप्टो-आयसोलेटर बसवलेलाच नसतो. दुसरा उपाय यूएसबी आयसोलेटरचा, म्हणजे यूएसबीचा संदेश जाऊ देणारा पण वीज तोडणारा डबा. साधे आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतचे असतात, मिडीला ते पुरतात, ऑडिओ इंटरफेसला मात्र लावू नका. तिसरा, सिंथ आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, जो आवाज पुढे पाठवतो पण दोन्हीकडची वायर थेट जोडत नाही. सिंथ यूएसबीवरूनच आवाज पाठवत असेल तर गोष्ट वेगळी, त्यातला अनुभव मला नाही.

किरकिरीऐवजी जाड, संथ घुंऽऽ येत असेल तर ती विजेची, ५० किंवा १०० हर्ट्झची. कानाने ओळखायची खूण सांगतो: हा सूर पेटीवरच्या पांढरी पाचच्या जरासा वर आणि काळी चारच्या खाली अडकलेला असतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही, म्हणून तानपुऱ्यासोबत तो जास्तच टोचतो.

आता एक गोष्ट, जिच्यावर मी ऐकून घेणार नाही. मला त्याच काळात एका दुकानात सल्ला मिळाला होता की चार्जरची जाड अर्थिंगची पिन मोडून टाका, आवाज जातो. कधीकधी जातोही. पण ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे. धातूचा माइक ओठांशी धरून गाणारा माणूस त्याच खोलीत असतो. असं करू नका, कोणालाही करू देऊ नका. उलट लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात का ते बघा. येत असतील तर चार्जर दोन पिनांचा असेल किंवा सॉकेटला अर्थिंगच नसेल. आमच्या जुन्या घरात तीन भोकांचे सॉकेट होते आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. वायरमनला बोलावून तपासून घ्या आणि सगळी सामग्री एकाच बोर्डवर ठेवा.

उशिराचं थोडक्यात सांगतो, ते सोपं आहे. संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो तुकडे (सॅम्पल) करतो आणि ते गठ्ठ्याने (बफरने) हाताळतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, तो जाताना एकदा आणि येताना एकदा, वर कन्व्हर्टरचा आणि सिंथचा स्वतःचा वेळ. सॉफ्टवेअर ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वजा करतं, पण ड्रायव्हर पूर्ण आकडा सांगेलच असं नाही. म्हणून मोजा. सिंथवर टिचकीसारखा, अटॅक शून्य असलेला (दाबताक्षणी पूर्ण जोरात येणारा) आवाज लावा, बरोबर मात्रेवर मिडीचा एक सूर ठेवा, तो रेकॉर्ड करा, वेव्हफॉर्म मोठा करून किती सॅम्पल मागे आहे ते पाहा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असेल तर त्यात रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मॅन्युअल ऑफसेट आहे, एबलटन लाइव्हमध्ये एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंटमध्ये हार्डवेअर लेटन्सी आहे, तिथे तो आकडा घाला. बफर बदललात की पुन्हा मोजा. पॅडचा हळू उगवणारा आवाज लावून मोजलंत तर आकडा चुकेल.

तुम्ही म्हणता, कॉर्डमधले सूर मध्येच गळतात. मला वाटतं सिंथचं लोकल कंट्रोल चालू आहे. पट्टी दाबली की सिंथ एकदा स्वतः वाजतो आणि सॉफ्टवेअरकडून परत आलेल्या मिडीने दुसऱ्यांदा. चार आवाजांच्या सिंथवर मग दोनच सूर उरतात. लोकल ऑफ करा.

सिंथचा स्वतःचा सिक्वेन्सर आणि आर्पेजिएटर (सूर आपोआप ओळीने वाजवणाऱ्या सोयी) संगणकाच्या क्लॉकवर, म्हणजे तालाच्या ठोक्यांवर, चालवायचा हट्ट धरू नका, हे माझं मत. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ टिकटिकी पाठवतो आणि संगणकाकडून त्या नेहमी सारख्या अंतराने निघत नाहीत. सूरच सॉफ्टवेअरमधून पाठवा. अनेकांना हे पटत नाही. वादक चरणजित सिंग यांनी तर १९८२ साली, मिडी येण्याआधीच, मुंबईत टीबी-३०३ (बेसचा सिंथ) आणि टीआर-८०८ (तालाचं यंत्र) एकत्र चालवून राग वाजवले. ती यंत्रं एकमेकांशी थेट बोलत होती, मध्ये लॅपटॉप नव्हता.

अ‍ॅनालॉग असेल तर चालू केल्यावर वीस मिनिटं तापू द्या, मग ट्यून करा. गाण्यात पेटी असेल तर पेटीला सिंथशी जुळवता येत नाही, सिंथचं मास्टर ट्यून पेटीकडे सरकवा. आणि आवाज आवडला की त्याच क्षणी ऑडिओ रेकॉर्ड करा, नॉब्जचा फोटो काढा. उद्या तोच आवाज सापडेलच असं नाही.

आज रात्री एवढंच करा: यूएसबी लावलेली ठेवून इंटरफेसकडे जाणारी ऑडिओ केबल काढा आणि सिंथच्याच हेडफोन जॅकवर ऐका. मग केबल परत लावा, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. दोन्ही वेळा काय झालं ते आणि इंटरफेसचं मॉडेल इथे लिहा. कोणती केबल घ्यायची ते तेवढ्यावरून सांगता येईल.