आमचं गाव शिरूर तालुक्यात, मग आमदार आंबेगावचा कसा? आणि रस्त्याच्या कामासाठी जायचं कोणाकडे?

तुमचं तहसील शिरूरला, पंचायत समिती शिरूरला, लोकसभेचा मतदारसंघही शिरूर, आणि विधानसभेला मात्र मतदान आंबेगावच्या उमेदवारांना. गोंधळ होणारच. पण यात कुठे चूक झालेली नाही. तुमचं गाव टाकळी हाजी-पाबळ पट्ट्यातलं असणार. पुणे जिल्ह्यात त्या पट्ट्याला ‘शिरूरची ३९ गावं’ म्हणूनच ओळखतात.

मी सात वर्षं एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळला. तो मतदारसंघ तुमचा नव्हे, आणि आमदार कोण ते इथे सांगत नाही. पण असेच दोन तालुके जोडून केलेला होता, त्यामुळे तुमचा प्रश्न रोज कोणीतरी तोंडी विचारायचं.

मतदारसंघ आखताना तालुक्याची हद्द बघतात, पण शेवटचा शब्द लोकसंख्येचा असतो. २००२ च्या परिसीमन कायद्याखाली, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखण्याच्या कायद्याखाली, न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि त्याने २००१ ची जनगणना धरली. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या आसपास होती आणि विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. आंबेगाव तालुका एकटा या आकड्याला पुरत नव्हता, कारण पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात वस्ती विरळ. म्हणून शेजारच्या शिरूरची दोन महसूल मंडळं, म्हणजे महसूल खात्याने केलेले गावांचे गट, त्याला जोडली. शिरूरचं कमी पडलेलं हवेलीतून भरून काढलं, वाघोली आणि उरुळी कांचनकडची गावं घेऊन. आयोगाच्या आदेशात बहुतेक ठिकाणी सुट्या गावांची नावं नसतात. महसूल मंडळं आणि तलाठी सजे असतात. तुमचं गाव ज्या मंडळात, त्या मंडळाबरोबर ते गेलं.

या आखणीवर पहिली निवडणूक २००९ साली झाली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याचे आमदार १३ वरून २४ झाले, कोल्हापूरचे १२ वरून १० वर आले. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव ही जुनी नावं यादीतून गेली. आता तो हिशेबही जुना झालाय. २०२४ च्या निवडणुकीत चिंचवड आणि पनवेलमध्ये साडेसहा लाखांच्या घरात मतदार होते, आणि मुंबईतल्या वडाळ्यात दोन लाखांच्या थोडे वर. दोन्हीकडे आमदार एकच. चिंचवडच्या माणसाचं मत वडाळ्यातल्या मताच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरतं, हे मला मनापासून खटकतं. पण राज्याच्या जागा १९७८ पासून २८८ आहेत आणि घटनादुरुस्तीने तो आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेला आहे. हद्दी आज ना उद्या पुन्हा हलणार आहेत. तेव्हा आयोग मसुदा जाहीर करून हरकती मागवतो. तुमच्या ग्रामसभेला काही म्हणायचं असेल तर ठराव तेव्हाच पाठवायला हवा, नंतर त्या आदेशावर कोर्टात दाद मागणंही फार अवघड असतं.

आता रस्त्याचं.

आधी एक करा. रस्त्याचा दर्जा शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो, ग्रा.मा. अमुक, प्र.जि.मा. तमुक. तो पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात मिळतो. आमच्याकडे येणाऱ्या दहा अर्जांतल्या नऊ अर्जांत ‘आमच्या गावचा रस्ता’ एवढंच लिहिलेलं असायचं. मग मी फोन करून विचारायचो, कुठून कुठपर्यंत? कोणता फाटा? त्यात आठवडा जायचा, आणि तोवर वरच्या ढिगाखाली तो अर्ज गेलेला असायचा.

रस्ता छोटा असेल, वस्तीपर्यंतचा असेल, तर आमदार निधीतून होऊ शकतो. हा निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. लोकांना वाटतं तो साहेबांच्या खात्यात येतो. तसं नाही. आमदार काम सुचवतात, आणि तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता होऊन पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत काम करणाऱ्या यंत्रणेला जातात. दीडदोनशे गावांत ५ कोटी वाटून बघा, म्हणजे मोठा रस्ता त्यातून का होत नाही ते कळेल. मोठं काम जिल्हा नियोजन समितीतून किंवा अर्थसंकल्पातूनच यावं लागतं, आणि तिथे आमदाराचं वजन खरं उपयोगी पडतं.

गटार, दिवाबत्ती, नळजोड यासाठी आमदाराकडे जाऊ नका, ग्रामपंचायतीला धरा. रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग असेल तर खासदार. आणि तालुक्याची आमसभा चुकवू नका. तिचं अध्यक्षपद आमदाराकडे असतं आणि तालुक्यातले सगळे खातेप्रमुख समोर बसलेले असतात. तुमच्या तालुक्याला आमदार दोन, तेव्हा सभेची तारीख पंचायत समितीत आधी विचारून ठेवा आणि तुमच्या भागाचे आमदार येणार आहेत का तेही विचारा.

पण आमदाराकडे असं एक हत्यार आहे जे सरपंचाकडे नाही, जिल्हा परिषद सदस्याकडे नाही. ते म्हणजे सभागृहात प्रश्न विचारणं. या एकाच गोष्टीसाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहितोय.

आमच्या मतदारसंघात एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत बांधून तयार होती आणि दाराला कुलूप. बाळंतपणासाठी बाया २२ किलोमीटर जायच्या. त्या गावचे एक निवृत्त गुरुजी पत्र घेऊन आले. ‘आमच्या गावाकडे लक्ष द्यावे ही नम्र विनंती.’ मी नेहमीप्रमाणे वर ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असं लिहून साहेबांची सही घेतली आणि पुढे पाठवलं. काही झालं नाही. अशा पत्रांचं बहुधा काहीच होत नाही, हे मला तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं.

चार महिन्यांनी गुरुजी परत आले. मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, गुरुजी, इमारत पूर्ण झाल्याचा कागद आणा, कर्मचारी का नाहीत याचं लेखी उत्तर आणा. त्यांनी माहितीच्या अधिकारात दोन्ही मिळवलं. पदमंजुरीचा प्रस्ताव शासनस्तरावर प्रलंबित, असं जावक क्रमांकासकट लेखी उत्तर होतं. मग मी तारांकित प्रश्न तयार केला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो. त्याचा साचा ठरलेला असतो. इमारत अमुक महिन्यापासून वापराविना पडून आहे, हे खरे आहे काय; असल्यास, पदांना मंजुरी देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पावसाळी अधिवेशनात आमचा प्रश्न यादीत फार खाली होता, तोंडी चर्चेला आलाच नाही. छापील उत्तर तेवढं मिळालं. गुरुजींनी चष्मा पुसला, कागद टेबलावर सपाट केला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ‘(१) हे अंशतः खरे आहे.’

“अंशतः म्हणजे काय हो?”

खाली लिहिलं होतं की परिचारिका आठवड्यातून दोनदा तिथे सेवा देते. गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आले, ते पिशवीत घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर घालून. ज्या दिवशी कुलूप उघडलं त्या तारखेला त्यांच्या सुनेने लाल पेनाने गोल केला होता, स्वतःच्या बाळाच्या लसीसाठी. एका महिन्यात दोन गोल, एकात एक, श्रावणात एकही नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात साहेबांनी त्यावर लक्षवेधी लावली, म्हणजे मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना. सभागृहात कॅलेंडर दाखवता येत नाही, पण तारखा वाचता येतात. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या. मंत्र्यांनी तीन महिन्यांत पदांचा निर्णय करू असं सांगितलं. सभागृहात असं सांगितलं की ते ‘आश्वासन’ होतं, आणि ते पाळलं का हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तीन महिन्यांचे अकरा झाले, पण पदं मंजूर झाली आणि डॉक्टर आले.

तेव्हा तुमच्या पत्रात हे एवढं असू द्या: रस्त्याचा क्रमांक, कुठून कुठपर्यंत, लांबी, शेवटचं काम कोणत्या साली झालं, कोणत्या कार्यालयाने काय उत्तर दिलं आणि त्याचा जावक क्रमांक. एक पान पुरे. पत्र दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या, ती मागायला संकोचू नका. आणि पत्र अधिवेशनाच्या दीडदोन महिने आधी द्या, कारण प्रश्नांच्या सूचना आधीच द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर आलेल्या चांगल्या पत्राचंही आम्हाला काही करता यायचं नाही.

कधी तुमचे आमदार मंत्री झाले, तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण उत्तर देणारं सरकार ते स्वतःच असतात. त्यांचं वजन तेव्हा मंत्रालयात वापरून घ्या. प्रश्नासाठी विधान परिषदेकडे वळा. तिथे ७८ सदस्य आहेत, त्यांतले सात पदवीधरांनी आणि सात शिक्षकांनी निवडलेले. पुणे विभागाच्या पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाचही जिल्हे येतात, म्हणजे ते तुमचेही आमदार आहेत. तुम्ही पदवीधर असाल तर त्यांच्या मतदार यादीत नाव आहे का बघा. ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने करतात, मागच्या वेळचं नाव आपोआप पुढे येत नाही. अर्ज नमुना १८ चा.

आणि तुमचा विधानसभा मतदारसंघ अधिकृतपणे कोणता, हे कोणाच्या सांगण्यावर ठरवू नका. मतदार यादीतल्या तुमच्या पानावर वर छापलेलं असतं: १९६ आंबेगाव, की १९८ शिरूर. त्याखाली यादी भाग क्रमांक आणि नावापुढे अनुक्रमांक. १९५० या क्रमांकावर फोन केला तरी सांगतात. पत्राच्या शेवटी सहीखाली हे तीन आकडे लिहा. कार्यालयात पत्र फोडणाऱ्या माणसाला त्यावरून लगेच कळतं की लिहिणारा आपल्याच मतदारसंघातला आहे, आणि तालुका वेगळा दिसला म्हणून पत्र दुसऱ्या आमदाराकडे ढकललं जात नाही.