सहा कोटींची टर्मशीट

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दूध संकलनाच्या कंपनीत पैसे घालू पाहणाऱ्या फंडाची टर्मशीट, म्हणजे त्यांच्या अटींचा प्राथमिक कागद, वाचली. खाली तू लिहिलंयस, "सर, 30 कोटींचं व्हॅल्युएशन!" अभिनंदन. आता तो आकडा जरा बाजूला ठेव आणि पाचव्या पानावरची ईसॉपची, म्हणजे नोकरांना शेअर देण्याच्या योजनेची, ओळ वाच.

फंडवाले 6 कोटी घालणार, त्यानंतर कंपनीची किंमत 30 कोटी, म्हणजे त्यांचा वाटा 20 टक्के. इथवर ठीक. पण नोकरांसाठीचा 10 टक्के शेअरचा पूल त्यांनी पैसे येण्याच्या आधी काढायला सांगितलाय. म्हणजे तो तुम्हा दोघांच्याच वाट्यातून जाणार. तुमच्याकडे उरले 70 टक्के, आणि तुमच्या आजवरच्या कामाची किंमत त्यांनी 24 नव्हे, 21 कोटी धरली. येत्या दीड वर्षात कोणकोणती माणसं घ्यायची ते कागदावर मांड. 5-6 टक्क्यांत भागत असेल तर तेवढंच माग. यावर कुणी रुसत नाही.

त्याच्याखालचा 'पार्टिसिपेटिंग' हा शब्द मात्र काढून घेच. समज, चार वर्षांनी कंपनी 60 कोटींना विकली. तो शब्द नसेल तर त्यांना 20 टक्के, म्हणजे 12 कोटी. असेल तर आधी त्यांचे 6 कोटी बाजूला, मग उरलेल्या 54 कोटींतही 20 टक्के. एकूण 16 कोटी 80 लाख. एका शब्दाचे 4 कोटी 80 लाख! कंपनी अडचणीत विकावी लागली तर त्यांनी आपले 6 कोटी आधी उचलणं रास्त आहे, त्यावर वाद घालू नकोस.

टर्मशीट बंधनकारक नसते असं तुला कुणीतरी सांगितलंय. बरोबर, पण एक्स्क्लुझिव्हिटीचं कलम, म्हणजे ठरलेले दिवस दुसऱ्या कुठल्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही ही अट, बंधनकारक असतं. आमच्या एसएमएसच्या धंद्याच्या दिवसांत मी 60 दिवसांच्या अशाच कलमावर सही केली, आणि दारात आलेल्या दुसऱ्या दोघांना नम्रपणे नाही म्हटलं. 58व्या दिवशी गुंतवणूकदाराचा फोन आला, आमच्या कमिटीचं मत बदललंय. त्या महिन्याचे पगार मी बायकोच्या एफडी मोडून केले. तू 30 दिवसांच्या पुढे जाऊ नकोस.

आता खरं बोलतो. हे लोक वाईट नाहीत, त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचा फंड 500 कोटींचा, आयुष्य साधारण 10 वर्षांचं. घेतलेल्या बहुतेक कंपन्या बुडतात किंवा जेमतेम मुद्दल देतात, म्हणून प्रत्येकीकडून त्यांची अपेक्षा एकच, हिने एकटीने अख्खा फंड परत करावा. पुढच्या फेऱ्यांत त्यांचे 20 टक्के घसरून 12 वर येतील. 12 टक्क्यांचे 500 कोटी व्हायला तुझी कंपनी 4,000 कोटींच्या वर जायला हवी. ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर तू ही टर्मशीट पाठवलीस, त्यात सेकोया या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने 2011 पासून सुमारे 6 कोटी डॉलर घातले होते. 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी 1,900 कोटी डॉलरला घेतली, तेव्हा तिथे अवघी 55 माणसं होती. असा एक डाव लागला की बाकीच्या बुडालेल्यांचं नाव कोण काढतो?

तुझं अ‍ॅप मला मनापासून आवडतं. संकलन केंद्रावर दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ) मोजलं की शेतकऱ्याच्या फोनवर आकडा, दहा दिवसांनी बिल, चिठ्ठी हरवल्याची भांडणं बंद. सांगली-कोल्हापुरात यातून 60 कोटींची सुंदर कंपनी उभी राहील. पण 4,000 कोटींची? त्यासाठी शेतकऱ्याला कर्ज, जनावरांचा विमा, पशुखाद्य, सगळं याच अ‍ॅपवर आणावं लागेल, तेही पाच-सहा राज्यांत. तुला ते करायचंय का, हे मला तुझ्या बोलण्यातून अजून कळलेलं नाही.

फोन हीच नवलाई होती तो काळ गेला. मार्च 2008 मध्ये अ‍ॅपलने आयफोनचं एसडीके, म्हणजे बाहेरच्यांना त्यावर प्रोग्राम लिहिण्याची साधनं, जाहीर केलं, त्याच कार्यक्रमात क्लायनर पर्किन्स या गुंतवणूक कंपनीने असे प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी 10 कोटी डॉलरचा आयफंड जाहीर केला; अ‍ॅप्सचं दुकान अजून उघडायचं होतं. आपल्याकडे मुंबईत 2007 मध्ये एमखोज नावाची कंपनी एसएमएसवरून शोध घेऊन द्यायची. तिने तो धंदा सोडून मोबाइल जाहिराती धरल्या, इनमोबी झाली, आणि 2011 मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने तिच्यात 20 कोटी डॉलर ओतायचं ठरवलं. आम्ही मात्र विनोद आणि रिंगटोन विकत बसलो. ऑपरेटर मोठा वाटा कापून घ्यायचा, तरी धंदा चालू होता, म्हणून बदलावंसं वाटलं नाही.

आणि हो, वडिलांना सांग, एंजल टॅक्सची, म्हणजे वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर विकून आणलेल्या पैशांवर लागायच्या त्या कराची, धास्ती सोडा. 2024 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

सही करू नकोस, नाहीही म्हणू नकोस. शनिवारी संध्याकाळी घरी ये. येताना सगळ्या केंद्रांची यादी आण, आणि जी खरंच दरमहा पैसे भरतात ती वेगळ्या रंगाने खुणावून आण. फुकट वापरणारी त्यात मिसळू नकोस, मला ओळखू येतात.

तुझा,
सर