हिमबिबट्यासाठी सात दिवस पुरतील का?

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून पत्नी ५४ वर्षांची आहे. गवे पाहायला आम्ही दरवर्षी दाजीपूरला जातो आणि पन्हाळा पायी चढण्याचीही सवय आहे. येत्या फेब्रुवारीत लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहण्याची इच्छा आहे. कोल्हापूर सोडल्यापासून परत येईपर्यंत सात दिवस मिळतील. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. एवढ्या दिवसांत हे जमेल काय, आणि बिबट्या दिसेल काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : महिना आपण अगदी योग्य निवडला आहे. जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्यांच्या मिलनाचा काळ असतो आणि उंचावर बर्फ साचल्याने भरल, म्हणजे तिथली निळसर करड्या रंगाची रानमेंढरे, खालच्या उतारांवर चरायला येतात; त्यांच्यामागोमाग बिबट्याही खाली उतरतो. सात दिवस मात्र कमी आहेत. सवड वाढत नसेल, तर बेत पुढच्या वर्षावर ढकलावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तर लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो, आणि विमानाने गेल्यास हा फरक शरीराला काही तासांत सोसावा लागतो. पन्हाळा चढण्याच्या सवयीने पायांना बळ येते, पण विरळ हवेची सवय होत नाही. धडधाकट तरुणही पहिल्याच रात्री डोकेदुखी आणि मळमळीने बेजार होतात. म्हणून लेहला पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, तिसऱ्या दिवशी थोडी चाल, आणि चौथ्या दिवशी हेमिस उद्यानातील रुंबक खोऱ्याकडे प्रस्थान, असा क्रम ठेवावा. रुंबक गाव चार हजार मीटरच्या आसपास आहे. विश्रांती घेत असतानाही धाप लागू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. उंचीचा हा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी अनेक जण घेतात, परंतु तिने लघवीचे प्रमाण वाढते आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते. आपली रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना दाखवूनच निर्णय घ्यावा.

आता बिबट्याबद्दल. २०२४ साली जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. तरीही खात्री कोणीच देऊ शकत नाही आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. हेमिस सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर पसरले आहे. दाजीपूरला गवा झाडीआड लपतो. इथे झाड जवळजवळ नाही, सगळा डोंगर उघडा आहे, आणि तरी जनावर दिसत नाही, कारण त्याची राखाडी, ठिपक्यांची कातडी त्याच रंगाच्या खडकांत विरून जाते. स्थानिक वाटाडे पहाटे आणि सायंकाळी दुर्बिणीतून कड्याची धार तसूतसूने न्याहाळतात. आपण मात्र आधी भरल शोधावेत. चरता चरता अख्खा कळप एकाएकी थबकून एकाच उताराकडे टक लावून पाहू लागला, की दुर्बीण तिकडे वळवावी. बिबट्या बसलेला असला, तर पुष्कळदा आधी लक्षात येते ती त्याची शेपूट, जवळजवळ मीटरभर लांब आणि मनगटाहून जाड. थंडीत झोपताना तो हीच शेपूट तोंडावर ओढून घेतो.

मुक्काम रुंबकमधील गावकऱ्यांच्या घरीच करावा. उघड्या गोठ्यात शिरलेला बिबट्या एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो, आणि पूर्वी त्या रागापोटी बिबटे मारलेही जात. पाहुण्यांपासून मिळू लागलेले उत्पन्न आणि गोठ्यांवर बसवलेली तारेची जाळी, या दोहोंमुळे गावकऱ्यांची त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलली आहे. आपण दिलेले पैसे थेट त्या घरात जातात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे कोरडा संडास आणि शेगडीची ऊब एवढीच सोय असेल, याची पत्नींना आधी कल्पना द्यावी.

रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंथरुणात जवळ घेऊन झोपावे. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. हवामानामुळे लेहची विमाने रद्द होतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. तो धरून कोल्हापूर ते कोल्हापूर किमान अकरा दिवस हवेत.