जुडी सिलचे अल्बम पुन्हा निघालेत, पण सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंय, की सत्तरच्या दशकातल्या सॉफ्ट रॉकमध्ये कॅरोल किंग, जेम्स टेलर, जोनी मिचेल ऐकून झालेत. आता मागे पडलेलं, पण ज्याचे अल्बम नव्याने बाजारात आलेत असं एखादं नाव सांगा, आणि कुठून सुरुवात करू तेही. माझ्याकडे एकच नाव आहे: जुडी सिल, स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारी अमेरिकन गायिका.

ती हयात असताना तिचे दोनच अल्बम निघाले. पहिला 1971 मध्ये, तिच्याच नावाचा. दुसरा 'हार्ट फूड', 1973 मध्ये. पहिला अल्बम ही असायलम या कंपनीचीही पहिलीच रेकॉर्ड. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने जॅक्सन ब्राउन आणि ईगल्स आणले, ते घराघरात पोचले. जुडीच्या रेकॉर्डी खपल्या नाहीत. मोठ्या आवाजाच्या रॉक बँडच्या आधी स्टेजवर जाऊन गाणं तिला अजिबात सोसायचं नाही, आणि त्या काळात नवीन गायिकेला श्रोते मिळायचे ते त्याच वाटेने.

तिच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, आधी तिची जीवनकथा समोर येते: लहानपणी वडील गेले, सशस्त्र दरोडा, सुधारगृह, हेरॉइन, तुरुंग, आणि 1979 मध्ये वयाच्या 35व्या वर्षी मृत्यू. हे सगळं खरं आहे. पण मी तिचं संगीत बरीच वर्षं याच कथेतून ऐकत राहिलो आणि त्यात निम्मं ऐकायचंच राहून गेलं. त्या कथेतला एकच तपशील गाणी ऐकताना उपयोगी पडतो: सुधारगृहात असताना ती तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. गॉस्पेलचे, म्हणजे अमेरिकन चर्चमधल्या भक्तिसंगीताचे कॉर्ड तिच्या हातात बसले ते तिथे. आपल्यावर प्रभाव कुणाचा, तर पाश्चात्य शास्त्रीय संगीतकार बाख आणि सोल गायक रे चार्ल्स, असं ती सांगायची. गाणी ऐकलीत की ही दोन नावं एका दमात का येतात ते लगेच कळतं.

मी वसईचा. लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गायलो, पुढे काही वर्षं रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पेटीही वाजवली. 'हार्ट फूड'मधलं 'द डोनर' पहिल्यांदा ऐकलं ते रात्री, हेडफोन लावून. जवळजवळ आठ मिनिटांचं गाणं आहे. सुरुवातीला शब्दही नाहीत, नुसते एकावर एक चढत जाणारे आवाज. मग त्या आवाजांतून हळूहळू 'किरिए एलेइसोन' वर यायला लागतं. मी उठून बसलो. हे तर आमच्या मिस्सेतलं 'हे प्रभू, दया कर'! दर रविवारी सवयीने म्हटलेले ते शब्द इथे कुणीतरी खरोखर मागत होतं. एक आवाज ओळ धरतो, दुसरा ती पुरी व्हायच्या आत खालून शिरतो, तिसरा वरून उतरतो, आणि कुठेच गर्दी होत नाही. कॉयरमध्ये चार आवाज बसवताना आमची काय तारांबळ उडायची ते आठवलं, म्हणून हे लिहिताना आजही हात थबकतो. या अल्बममधल्या वाद्यवृंदाचं संयोजन तिने स्वतः केलंय, वादकांसमोर उभी राहून त्याचं संचालनही तिनेच केलंय.

तिचा आवाज पहिल्यांदा ऐकून कदाचित साधा वाटेल. कंप जवळजवळ नाही, सूर सरळ रेषेत लावलेला, उच्चारात थोडा खेडवळ अमेरिकन हेल. त्या सरळपणामुळेच मागच्या सगळ्या सुरावटी स्वच्छ ऐकू येतात. 'द किस' ऐकताना शब्द सोडा आणि एकदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. खालची ओळ गाण्याला नुसता आधार देत नाही, ती स्वतःची वेगळी चाल चालत असते. हाच तो बाख.

पहिल्या अल्बममधलं 'जीझस वॉज अ क्रॉस मेकर' बहुतेकांना आधी भेटतं, कारण पुढे ते हॉलीज, कॅस एलिअट, वॉरन झेव्हॉन अशा बऱ्याच जणांनी गायलं. ते ध्वनिमुद्रित करताना निर्माता होता ग्रॅहम नॅश. मनाने मोडून पडलेली असताना तिला ग्रीक लेखक कझान्झाकिसच्या कादंबरीतला सुतार येशू सापडला, जो रोमनांसाठी क्रूस बनवतो. आपल्याला फसवून गेलेल्या माणसाला क्षमा करायला तिला तो उपयोगी पडला. भाविक घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला शीर्षक वाचून आधी धक्काच बसला होता. आता ते मला तिचं सर्वांत दयाळू गाणं वाटतं.

आता पुन्हा निघालेल्या आवृत्त्यांकडे येतो. बरीच वर्षं हे अल्बम मिळतच नव्हते. या शतकाच्या सुरुवातीला रायनो या कंपनीने दोन्ही सीडीवर काढले, सोबत काही डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणंही दिली. 2005 मध्ये 'ड्रीम्स कम ट्रू' आला. 1974 मध्ये ध्वनिमुद्रित होऊन अर्धवट पडलेल्या तिसऱ्या अल्बमच्या टेप होत्या, त्यांचं मिक्सिंग संगीतकार जिम ओ'रूर्कने केलं. बीबीसीसाठी 1972-73 मध्ये केलेली ध्वनिमुद्रणं 2007 मध्ये निघाली. 2017 मध्ये इंटरव्हेन्शन रेकॉर्ड्सने पहिले दोन्ही अल्बम 45 आरपीएमवर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगावर, प्रत्येकी दोन तबकड्यांत आणले. त्या वेगाला सुईखालून सेकंदाला जास्त खाच सरकते, त्यामुळे बारीक तपशील कोरायला जागा मिळते. 'द डोनर'सारख्या थरांच्या गाण्याला त्याचा फायदा आहे. पण टर्नटेबल नसेल तर त्यासाठी खर्चात पडू नका. स्ट्रीमिंगवर आणि चांगल्या हेडफोनवरही पुष्कळ ऐकू येतं.

सुरुवात 'ड्रीम्स कम ट्रू'पासून करू नका. त्यात सुंदर गाणी आहेत, आनंदी आहेत, पण ती पूर्ण व्हायची राहिलीत हे जाणवत राहतं, आणि आधीचे दोन अल्बम माहीत नसतील तर काय राहिलं ते कळणार नाही. आधी बीबीसीची ध्वनिमुद्रणं घ्या. तिथे ती एकटी आहे, एक गिटार किंवा पियानो, आणि गाण्यांच्या आधी श्रोत्यांशी बोलतेसुद्धा. 1973 च्या 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या बीबीसी टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमातला 'द किस'चा व्हिडिओही शोधा. तो पाहून झाला की लगेच 'हार्ट फूड'मधलं तेच गाणं लावा. व्हायोलिनं जे काही करतात ते आधीपासून तिच्या दहा बोटांत होतं हे तुमच्या लक्षात येईल.

मग पूर्ण 'हार्ट फूड', मग पहिला अल्बम, शेवटी 'ड्रीम्स कम ट्रू'. 'द डोनर' लागलं की आवाज थोडा वाढवा, आणि मध्येच फोन आला तर घेऊ नका.