राइटगुड मोडने लिखाणातले कमकुवत शब्द खरंच सापडतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये राइटगुड मोड (कमकुवत वाटणारे शब्द रंगवून दाखवणारं अॅड-ऑन) लावला तर कमकुवत शब्द सापडतात का, आणि मराठी लेखांसाठी तो वापरावा का.

सापडतात. इंग्रजी लिहीत असाल तर आजच लावा. मराठीचं खाली सांगते, पण आधी दुसरं एक सांगायचंय, कारण हा मोड माझ्या एका जुन्या ऑफिसात मीच आणला होता आणि त्याचं पुढे जे झालं ते मला अजून लागतं.

भोसरीच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी मॅन्युअल लिहायचे. सगळी इंग्रजीत, आणि त्यातली बरीचशी आधीच्या मॅन्युअलमधून उचलून जोडलेली, त्यामुळे पानापानावर मोघम शब्द. 'व्हेरिअस पार्ट्स', 'अ फ्यू ड्रॉप्स ऑफ ऑइल', 'रिलेटिव्हली हाय प्रेशर'. फ्यू म्हणजे किती थेंब? रिलेटिव्हली म्हणजे कशाच्या मानाने? मी घरी ईमॅक्सवर हा मोड वापरायचे. मूळ कल्पना मॅट माइट यांची, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवत असताना त्यांनी आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी तीन शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लाइनवर चालणारे छोटे प्रोग्राम, लिहिल्या होत्या, एक मोघम शब्द शोधणारी, एक पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग शोधणारी आणि एक चुकून दोनदा टाइप झालेला शब्द शोधणारी, आणि बेंजामिन बेकविथ यांनी त्याचा ईमॅक्स मोड बनवला. ऑफिसात बाकीचे व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवर होते म्हणून त्यांना मी राइट-गुड या तशाच टूलचं एक्स्टेन्शन लावून दिलं. पहिल्या महिन्यात खरंच फरक पडला. 'फ्यू ड्रॉप्स'च्या जागी नेमका आकडा यायला लागला, कारण लिहिणारा उठून शॉपफ्लोअरवर, म्हणजे खाली पंप बनतात तिथे, जाऊन विचारून यायचा. मला इतका अभिमान वाटला होता त्याचा.

मग आमच्या लीडनी नियम केला. झीरो वॉर्निंग, म्हणजे एकही शब्द रंगलेला नसणं, झाल्याशिवाय फाइल रिव्ह्यूला घेणार नाही.

तिथून सगळं बिघडलं. लोक शॉपफ्लोअरवर जायचे बंद झाले आणि शब्द पुसायला लागले. शब्द पुसला की रंग जातो, मग कोण कशाला जिना उतरेल. 'द लॅम्प इज रेड' हे सरळ वाक्यसुद्धा पॅसिव्ह म्हणून रंगायचं, कारण तपासणी एवढीच बघते की 'इज'सारख्या शब्दापुढे ईडीने संपणारा किंवा तिच्या ठरलेल्या यादीतला शब्द आहे का, आणि रेड ईडीनेच संपतो. एकाने अर्धा तास घालवून ते वाक्य बदललं. ते चाललं, त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

नुकसान माझ्या हातून झालं. स्ट्रेनर म्हणजे पंपाची गाळणी साफ करायच्या पानावर वाक्य होतं, झाकण उघडण्याआधी सक्शनचा, म्हणजे पंपात पाणी येतं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. इंग्रजीत तिथे 'कम्प्लीटली' होतं आणि कम्प्लीटली मोघम शब्दांच्या यादीत आहे, ईमॅक्स आणि व्हीएस कोड दोन्हीकडच्या. मला ते खटकलं, मी लीडना जाऊन म्हटलं की सर हा शब्द राहू दे, हा उगीच घातलेला नाही. ते म्हणाले, क्लोज म्हणजे क्लोजच ना, अर्धवट क्लोज असं काही असतं का? शुक्रवार होता, रिलीज होती, मी पुसला.

काही महिन्यांनी एका साइटवरून तक्रार आली. टाकी पंपाच्या वर होती, म्हणजे सक्शनला कायम पाण्याचा दाब. नवीन मुलगा होता, व्हॉल्व्ह जुना, हँडल मध्येच जड झालं तिथे त्याने सोडलं आणि मॅन्युअलप्रमाणे झाकणाचे बोल्ट काढले. पाणी सगळं मोटरवर. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण मोटर गेली आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलणी बसली, त्याने तर आमच्या पानावर लिहिलं होतं तेवढंच केलं होतं.

त्या रात्री मी बाबांना ते पान दाखवलं. बाबा आयुष्यभर फिटर होते. मला वाटलं ते म्हणतील 'पूर्ण' हा शब्द हवाच होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अगं, पूर्ण लिहिलं असतंस तरी काय झालं असतं? त्या पोराला वाटलंच होतं की पूर्ण झालाय. हँडल पाइपला आडवं आलं की बंद, ते लिही ना. आणि आधी ड्रेनचा प्लग सैल करून बघायला सांग, पाणी थांबतंय का ते."

बॉल व्हॉल्व्हचं हँडल पाइपच्या रेषेत असलं की चालू आणि काटकोनात आलं की बंद, हे फिटरला पाढ्यांसारखं पाठ असतं, आणि मी इतकी वर्षं पंपांवर लिहून एकदाही ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य तसं केलं. त्यात एकही मोघम शब्द नव्हता, त्यामुळे काहीच रंगलं नाही, आणि लीड म्हणाले बघ, म्हणजे टूल बरोबरच होतं.

हा वाद मी तेव्हा हरले कारण मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सांगते. टूलने बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं, हे मान्य. 'कम्प्लीटली' कमकुवतच होता, कारण तिथे जी माहिती हवी होती तिच्या जागी तो बसला होता. पण ती माहिती न आणता शब्द काढला की भोक बुजत नाही, दिसेनासं होतं फक्त. झीरो वॉर्निंगचा नियम नेमकं हेच करायला लावतो. जिथे जिथे वॉर्निंग मोजून माणसाचं काम जोखतात तिथे हे अॅड-ऑन लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याने लिहिताना लावा, पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर चालू करा, आणि प्रत्येक रंगलेल्या शब्दापाशी थांबून एवढंच बघा की इथे मला काय माहीत नव्हतं म्हणून हा शब्द आला.

आता मराठी. जसाच्या तसा मोड मराठीवर लावलात तर मोघम शब्दांपैकी काहीच सापडणार नाही, यादी इंग्रजी आहे. उलट 'कधी कधी', 'हळू हळू', 'पुन्हा पुन्हा' हे सगळं दोनदा टाइप झालंय म्हणून रंगेल. आपल्याकडे ती द्विरुक्ती आहे, चूक नाही. ती तपासणी वेगळी बंद करता येते, मराठीसाठी करून टाका. वीझल वर्ड्सची, म्हणजे मोघम शब्दांची, यादी मात्र वाढवता येते. माझ्या यादीत सदर, विविध, या ठिकाणी, एक प्रकारे, संपन्न, च्या संदर्भात हे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करण्यात आलं, देण्यात येईल, घेण्यात येत आहे ही मंडळी. मराठीतला खरा चोर हा आहे. 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल' यात कोण बंद ठेवणार ते वाक्यातून गायबच होतं.

अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत व्हेरी हा व्हेरीच राहतो, आपला शब्द दर वाक्यात रूप बदलतो. नुसतं 'माध्यम' शोधायला लावलंत तर माध्यमिक शाळा रंगेल, 'माध्यमातून' घेतलंत तर 'मी मराठी माध्यमातून शिकले' हे अगदी योग्य वाक्य रंगेल, म्हणून मी 'च्या माध्यमातून' एवढंच शोधते. त्यासाठी आणि 'ण्यात आल', 'ण्यात ये' असल्या तुकड्यांसाठी मी ईमॅक्समधलंच हायलाइट-रेगेक्स्प वापरते, ते दिलेल्या नमुन्याशी (रेगेक्सशी) जुळणारा मजकूर रंगवतं. तरी 'त्याच्या वागण्यात आलेला बदल' रंगतोच, तिथे डोळ्यांनी बघून पुढे जायचं. व्हीएस कोडवर असाल तर आणखी एक त्रास आहे, जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर ओळखतं, देवनागरी शब्द त्याच्या लेखी शब्दच नाही, त्यामुळे नुसती यादी बदलून तिथे भागत नाही. आणि 'तऱ्हेने'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच, पण आतून वेगळा असतो. यादीत दोन्ही टाका नाहीतर निम्मे सुटतील.

हे सगळं बातमी, अर्ज, माहितीपर लेख यासाठी. कथा-कविता लिहीत असाल तर ती यादी बाजूला ठेवा, तिथे एखादं पात्र 'सदर इसम' म्हणूनच बोलत असेल. आणि या मोडमध्ये लिखाण किती सोपं आहे याचा आकडा काढायची सोय आहे, तो मराठी मजकुरावर काढू नका, ते सूत्र इंग्रजी वाक्यांसाठी बनवलेलं आहे.

मॅन्युअलमधलं ते हँडलचं वाक्य मी सोडून आले तेव्हा तसंच होतं. बाबांना छापील पान नेऊन दिलं होतं, ते त्यांनी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय.