भोंगा वाजला तर जायचं कुठं?

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावाला तोच भोंगा अपघाताचा वाजला तर ओळखता येईल का? त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. लोटे, महाड, रोहा या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. आता चिपळूणजवळ कलमांची बाग सांभाळतो, तेव्हा कुणाची मर्जी राखायची उरलेली नाही. पत्रं आवरती घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचं गाव एमआयडीसीच्या सड्याखाली, नदीकाठी आहे. वर काय बनतं, काय साठवलंय, आम्हाला काही ठाऊक नाही. एका कंपनीत विचारायला गेले तर ‘मॅडम, ती गोपनीय माहिती आहे’ म्हणाले. ग्रामपंचायतीला हे विचारायचा अधिकार आहे का? — एक सरपंच, खेड तालुका

ताई, अधिकार आहेच, शिवाय तुमच्यासाठी खुर्चीसुद्धा ठेवलेली आहे. रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे केंद्राचे नियम १९९६ पासून लागू आहेत. त्यांत औद्योगिक पट्ट्यासाठी एक स्थानिक गट सांगितलाय, सगळे त्याला ‘लोकल क्रायसिस ग्रुप’च म्हणतात. अध्यक्ष प्रांतसाहेब, सदस्य सचिव कारखाने निरीक्षक, म्हणजे ‘डिश’चे (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे) अधिकारी. मग अग्निशमन, पोलीस, बीडीओ, आरोग्य अधिकारी, रसायनं वाहून नेणारे, गावातले दोन डॉक्टर, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक आणि सरपंच किंवा गावपुढारी. बैठक दर महिन्याला आणि प्रत्यक्ष रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणं हे या गटाचं लिहून ठेवलेलं काम आहे, मेहरबानी नव्हे.

मी बसलो त्या बैठकांत सरपंचांच्या नावापुढची सहीची जागा बहुतेकदा कोरी असायची. विचारलं तर ‘पत्र पाठवलं होतं’. ते पत्र ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरात शोधा. नसेल तर प्रांत कार्यालयाला लेखी विचारा, की आमच्या पट्ट्याच्या गटात सरपंच म्हणून कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली. एवढ्या दोन प्रश्नांनी बरीच धूळ उडते, अनुभव आहे.

आता ते ‘गोपनीय’. भोपाळची वायुगळती झाली २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ब कलम आलं. कारखान्यातले धोके आणि त्यांवरचे उपाय कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपास राहणाऱ्या लोकांनाही सांगणं त्याने मालकावर बंधनकारक केलं. १९८९ चे घातक रसायनांचे नियम तर ‘काय करावं, काय करू नये’ हेही शेजाऱ्यांना कळवा म्हणतात. औषध कोणत्या कृतीने बनतं ते त्यांनी खुशाल लपवावं. टाकी फुटली तर तुमच्या अंगणात काय येणार, ते लपवता येत नाही. (भोपाळ आपल्याकडे घडलं आणि गावपातळीच्या नियोजन समित्या अमेरिकेने १९८६ सालीच कायद्याने आणल्या. आपल्याकडे त्याला १९९६ उजाडलं. असो.)

सगळ्या रसायनांची यादी मागू नका. देतील, शंभर पानांची देतील आणि तुम्ही गप्प बसाल. विचारायचं ते इतकंच : फुटलं तर कुंपणाबाहेर येतील अशी सगळ्यात वाईट तीन रसायनं कोणती? ती किती अंतरापर्यंत पोचतील आणि त्या वर्तुळात आमच्या कुठल्या वाड्या येतात? अपघाताचा भोंगा कसा वाजतो, ‘धोका टळला’चा कसा? रात्री दोन वाजता कंपनीतून गावात फोन कोण करणार आणि कुणाला? शेवटच्या प्रश्नावर घाम फुटतो. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिनची गळती झाली तेव्हा भोंगा वाजलाच नव्हता. भोपाळमध्ये वाजला, पण लोकांत घबराट नको म्हणून लोकांसाठीचा भोंगा लवकर बंद केला गेला. म्हणून भोंग्यावर विसंबून राहू नका. वाडीगणिक दोन माणसं ठरवा, एक राखीव, आणि देवळाची घंटा कशी बडवली की ‘गॅस आला’ समजायचं तेही ठरवा. आरतीची नको, वेगळी.

आणखी एक गोष्ट आराखड्यात कधी नसते. जिल्ह्याच्या ‘ऑफ-साइट’ म्हणजे कुंपणाबाहेरच्या बचावाच्या आराखड्यात गावची लोकसंख्या जनगणनेची असते. गणपतीत आणि शिमग्याला तुमच्या गावात किती माणूस असतो ते तुम्हीच सांगा. मुंबईकरांना वाटा ठाऊक नसतात, पाखाडीच्या तोंडाशी गाड्या लावून ठेवतात आणि रात्री पालखीबरोबर अख्खी वाडी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या जागी. तालीम एकदा तरी शिमग्यात घ्या असं मी सुचवत आलो, हसण्यावारी नेलं गेलं. तुम्ही सुचवून बघा. अंथरुणाला खिळलेले, बाळंतिणी, दम्याचे रुग्ण यांची यादी आशाताईंकडे असतेच. ती आराखड्याला जोडून घ्या.

प्रश्न : काका, मी ठाण्याला असतो. गावी आजी एकटी, घर कौलारू. ‘गॅस गळती झाली तर दारं-खिडक्या बंद करून घरात बसा’ असं वाचलं. कौलांतून सूर्य दिसतो त्या घरात बंद करून काय होणार? — महाड तालुक्यातला एक नातू

अगदी बरोबर विचारलंस. या सूचना स्लॅबच्या घरांत राहणाऱ्यांनी लिहिल्या आहेत. कौलं, वासे, भिंत आणि छपराच्या मधली फट, सगळीकडून वारा खेळावा म्हणूनच ते घर तसं बांधलंय.

तरी घरात थांबणं पुष्कळदा पळण्यापेक्षा बरं. ढग सरकत असतो आणि त्यातून धावणारा माणूस जोरात श्वास घेऊन जास्त विष आत ओढतो. भोपाळमध्ये हे फार झालं. तेव्हा घरातली एक खोली निवड. पडवी, ओटी, स्वयंपाकघर नको. वर फळ्यांचा माळा असेल तर माजघर चांगलं, कारण माळ्याने कौलांपासून आडोसा होतो. सुट्टीत जाशील तेव्हा त्या फळ्यांच्या फटींवर प्लास्टिकचं कापड ठोकून ये. जुनी लुगडी, गोधड्या आणि एक बादली पाणी तिथेच ठेव. दाराखाली ओली गोधडी सरकवायची, पंखा बंद, चूल विझवायची. घर फारच उघडं असेल तर शेजारचं स्लॅबचं घर, शाळा किंवा ग्रामपंचायत यांपैकी एक आधीच ठरव आणि आजीला तिथे कोण नेणार त्याचंही नाव ठरव. ‘कुणीतरी नेईल’ हे उत्तर धरायचं नाही.

लोक एक गोष्ट हमखास विसरतात. ढग निघून गेल्यावर दारं उघडून बाहेर यायचं असतं. फटींतून थोडा गॅस आत शिरतोच आणि बाहेर हवा स्वच्छ झाली तरी तो खोलीत कोंडून राहतो.

आणि निघायचंच झालं तर वाऱ्याला आडवं निघायचं. वारा तोंडावर घेऊन गेलं तर गळतीकडे पोचतो, पाठीवर घेऊन गेलं तर ढग सोबत येतो. आजीला वारा शिकवायला नको, भाजावळीचा धूर कुठे वाहतो हे तिने जन्मभर बघितलंय. पावसाळा सोडला तर आपल्याकडे दुपारी खारा वारा समुद्राकडून आत येतो आणि रात्री मतलई जमिनीवरून समुद्राकडे जातो, म्हणजे दिवसाची वाट आणि रात्रीची वाट वेगळी. सगळ्यात वाईट वेळ थंडीतली पहाट. वारा पडलेला असतो, खोऱ्यात धुकं साचलेलं असतं. त्यात क्लोरीनसारखा हवेच्या अडीचपट जड वायू सुटला तर तो पाण्यासारखा पऱ्या (ओहोळ) धरून खाली उतरतो. तेव्हा नदीकडे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जात उंच जागा गाठायची. गुरांची दावी वाटेत असतील तर सोडावीत. त्यासाठी मागे फिरू नये, हे आजीला तूच समजावून सांग. माझं ती ऐकणार नाही.

प्रश्न : तोंडाला ओला रुमाल बांधला की पुरे का? वास गेला की गॅस गेला असं समजावं का? — रोहा

अमोनिया, क्लोरीन पाण्यात विरघळतात म्हणून ओल्या कापडाने थोडी मदत होते, निसटायला चार मिनिटं मिळतात. तो मास्क नव्हे. वासावर तर मुळीच जाऊ नका. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर करतो. वास अचानक थांबला तर तिथून निघा.

प्रश्न : आमचं दुकान हातखंब्याच्या पुढे महामार्गाला लागून आहे. टँकर उलटला की शंभर माणसं मोबाइल घेऊन जमतात. दुकानदाराने काय करावं? — रत्नागिरी तालुका

आधी शटर ओढा आणि गॅसची शेगडी, विजेचं मेन बंद करा. नंतर लांबून, जमलं तर दुकानातूनच, टँकरच्या मागे किंवा बाजूला लावलेल्या फलकावरचा चार आकडी नंबर वाचा आणि ११२ ला सांगा. १०७५ म्हणजे एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. ‘टँकर पलटी झालाय’ आणि ‘१०१७ नंबरचा टँकर पलटी झालाय, पांढरट धूर दिसतोय, वारा पूर्वेकडे वाहतोय’ या दोन फोनांवर येणाऱ्या गाड्या वेगळ्या असतात. नंबर दिसत नसेल तर जवळ जाऊन बघायचं नाही.

एलपीजी हवेहून जड असतो, गटारातून, उतारावरून लांब जातो. पांढरं धुकं दिसतं त्याच्या पुढेही तो असतो, तेव्हा त्या भागात बाइकची किक मारणं म्हणजे काडी ओढणं आहे. टँकर आगीत सापडला तर दीड किलोमीटरच्या पुढे जायचं, कारण तापलेली टाकी फुटते तेव्हा आधी कळवून फुटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला तेव्हा महामार्ग बंद ठेवावा लागला आणि लोक वैतागले. वैतागू द्या. केरळात कन्नूरजवळ चाला इथे ऑगस्ट २०१२ मध्ये टँकर उलटून स्फोट झाला, घरांत झोपलेली माणसं होरपळली. तोही याच मुंबई-गोव्याकडून खाली जाणाऱ्या महामार्गावर. त्या फोटोंची आठवण जमलेल्या गर्दीला द्या.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. असं काही झालं तर मुलांना घरी सोडावं का? — गुहागर तालुका

नाही. मुलं रस्त्यावर, पालक त्यांना शोधत शाळेकडे आणि सगळे ढगात. शाळेतच एक नीट बंद करता येण्यासारखी खोली ठरवा, हजेरीपट हातात ठेवा. पालकांना आधीच सांगून ठेवा, की निरोप आल्याशिवाय न्यायला येऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडला शाळेतल्या मुलांना गॅसचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं, तेव्हा ही नुसती पुस्तकातली चिंता नाही. आणि ‘कुणालातरी चक्कर येतेय, उपवास असेल’ असं म्हणू नका. दोन मुलांना एकदम चक्कर आली की खिडकीबाहेर बघा.

प्रश्न : आम्ही बंदरावर राहतो, कारखाना नाही. हे सगळं आम्हाला लागू नाही ना? — दापोली तालुका

तुमच्या जेटीजवळ बर्फाचा कारखाना आहे का? मासे ज्या बर्फात जातात तो बहुधा अमोनियावर बनतो. अमोनिया हवेहून हलका, पण थंडगार सुटतो तेव्हा दमट खाऱ्या हवेत त्याचं पांढरं धुकं होऊन जमिनीलगत लोळतं. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धूत राहायचं, मगच डॉक्टरकडे. जमिनीवर साचलेल्या अमोनियावर बादलीने पाणी ओतू नका, तो उसळून आणखी वर येतो. कारखान्याच्या मालकाला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारून ठेवा. फटकन सांगता आलं नाही तर मग काळजी करा.

प्रश्न : आम्ही दाभोळच्या खाडीत जाळी टाकतो. गॅसचं बोलता, पाण्याचं काय? — एक मच्छीमार

हा प्रश्न बैठकीत कुणीच विचारत नाही, कारण खाडीवाल्याला कुणी बोलावतच नाही. रसायनांच्या गोदामाला आग लागली की बंबांनी हजारो लिटर पाणी मारतात. ते गोदामातली रसायनं घेऊन कुठेतरी जाणारच. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ गोदामाला आग लागली. विझवलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं, नदी लाल झाली, ईल मासे मरून वाहत गेले, तेही देशांच्या सीमा ओलांडून. आपल्याकडे सड्यावरून पऱ्या, पऱ्यातून नदी, नदीतून खाडी असा रस्ता आहे आणि पावसाळ्यात तो दोन तासांचासुद्धा नाही.

तुमच्या मच्छीमार सोसायटीने प्रांतांना पत्र द्यावं, वरच्या सरपंचताईंनाही सोबत घ्यावं आणि बैठकीत एवढंच विचारावं : आग विझवलेलं पाणी अडवायला टाकी आहे का, किती लिटरची, आणि ती आत्ता रिकामी आहे का? बहुतेक ठिकाणी टाकी असते पण भरलेली असते. उत्तर काहीही येवो, ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत घेऊनच उठा.