टांझानियातला उडझुंग्वा वनतित्तिर आपल्या माळावरच्या तित्तिराचा नातेवाईक आहे का?

जवळचा नाही, त्याचे खरे भाऊबंद हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या डोंगरी जंगलांत राहणारे आर्बोरोफिला प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत genus) तित्तिर आहेत. शरीररचना आणि नंतर डीएनए, दोन्हींवरून हेच दिसलं. एके काळी आफ्रिका आणि आशियातली जंगलं जोडलेली होती, त्या काळातल्या वंशाचा हा मागे उरलेला धागा असावा, असं मानतात. त्याचा शोधही विलक्षण आहे: १९९१ मध्ये उडझुंग्वा पर्वतातल्या जंगलात मुक्कामाला असलेल्या डॅनिश अभ्यासकांना जेवणाच्या पातेल्यात पक्ष्याचे अनोळखी पाय दिसले. १९९४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तेही नुसती नवी जाती म्हणून नाही, तर नवी प्रजाती म्हणून! लाल चोच, पिवळे पाय, तांबूस चेहरा. दिवसभर पालापाचोळा उकरून किडे आणि बिया टिपतो. रात्रीला मात्र झाडावर चढतो. फक्त एक लक्षात घ्या: जवळच्या रुबेहो डोंगरातले पक्षी काही अभ्यासक स्वतंत्र जाती मानतात, काही उपजातीच. दोन्हीकडे राहण्याजोगं जंगल अगदी थोडं आहे आणि फासे लावून शिकार होते, म्हणून हा पक्षी धोक्यात आहे.